डायब्लो ४: सीझनपुरतं काय अन् कायमचं काय

डायब्लो ४ हा राक्षस मारून लूट गोळा करायचा व्हिडिओ गेम, त्यात दर काही महिन्यांनी नवा सीझन येतो. ऑक्टोबर २०२३ चा सीझन २ आठवा, व्हॅम्पायरिक पॉवर्स आल्या, त्यातली मेटामॉर्फोसिस लावली की इव्हेड (चपळाईने बाजूला उडी) मारल्यावर तुम्ही थेट वटवाघळांचा थवा व्हायचा आणि अनस्टॉपेबल (म्हणजे कुणी अडवू-गोठवू शकत नाही), भारीच! पण सीझन संपला, कॅरेक्टर इटर्नलमध्ये (सीझन नसलेल्या कायमच्या विभागात) गेलं आणि पॉवर्स गायब. त्याच सीझनमध्ये ड्युरिएलसारखे एंडगेम बॉस (कथा संपल्यावरचे मोठे शत्रू) आले ते मात्र गेममध्ये राहिले, रेझिस्टन्सचं (आग, थंडी, विष वगैरेपासूनच्या बचावाचं) गणितही तेव्हाच सुधारलं.

सीझन ४, मे २०२४, बरोबर उलटा. सीझनपुरतं म्हणजे आयर्न वुल्व्ज नावाची भाडोत्री सैनिकांची टोळी, तिच्यासाठी हेलटाइडमध्ये (राक्षसांनी भरलेल्या भागात) राक्षस मारा, रेप्युटेशन वाढवा, बक्षीस घ्या, बास (खरं सांगायचं तर कंटाळवाणं). कायमचं मात्र तगडं: लेजेंडरी वस्तूंवर तेव्हा चारऐवजी तीनच अफिक्स (वस्तूवरचे बोनस), वरून टेम्परिंगने हव्या त्या प्रकारातले जादा बोनस चढवायचे, मग ते बोनस वाढवणाऱ्या मास्टरवर्किंगच्या तेव्हा १२ पायऱ्या, शिवाय पिट ही चढत्या अवघडपणाची गुहा. टेम्परिंगचे चान्स संपेपर्यंत हवा तो रोल (नशिबाने मिळणारा बोनस) आलाच नाही की चांगली तलवार वाया, तेव्हा डोकं फिरायचं, तरी लूट बघण्यात पहिल्यांदा मजा आली.

मला विचाराल तर इटर्नलवर खेळणाऱ्याने पॅच नोट्समधला (अपडेटमधल्या बदलांच्या यादीतला) कायमचा भागच आधी वाचावा, दर सीझनला नवीन कॅरेक्टर काढणाऱ्याला मात्र वटवाघळंच लागतात.