जळगावच्या सराफ बाजारात अंगठी घेतली, बिलाचा पूर्ण हिशोब देतोय

सोन्याचा भाव त्या दिवशी सगळ्या जळगावात जवळपास एकच असतो, खरा फरक पडतो तो मजुरीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये लहान बहिणीच्या साखरपुड्यासाठी होणाऱ्या मेव्हण्यांची अंगठी घेतली तेव्हा हे आकड्यांत बघायला मिळालं, म्हणून लिहितोय, लग्नसराईत कोणाच्या तरी कामाला येईल.

आधी एका मोठ्या शोरूमला गेलो होतो, एसी, चहा-कॉफी सगळं झकास, पण मजुरी विचारली तर १८ टक्के, आणि बिलाची फोड मागितली की पोरगा कॅल्क्युलेटरवर एकच टोटल दाखवायचा. मला ते पटलं नाही. मग सराफ बाजारातल्या बोळीत एक जुनं छोटं दुकान आहे, आमच्या अमळनेरकडची बरीच मंडळी तिथेच जातात, तिकडे गेलो. आईने बसल्या बसल्या विचारलं, "भाऊ, आज काय भाव शे?" दुकानदार काकांनी समोरच्या पाटीकडे बोट केलं, २२ कॅरेट ग्रॅमला ११,३००.

मग काट्यावर काही ठेवायच्या आधी आम्हाला शून्य दाखवलं, अंगठी ठेवली, ४.२०० ग्रॅम. भिंग हातात देऊन म्हणाले, भाऊ तुम्हीच बघा. आतल्या बाजूला बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, २२ के ९१६ म्हणजे शुद्धतेची खूण, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला तर दागिन्याची माहिती लगेच आली. १ एप्रिल २०२३ पासून हा नंबर नसेल तर हॉलमार्कचा दागिना म्हणून विकताच येत नाही, त्यामुळे कोणी "घरचंच दुकान आहे हो" म्हणालं तरी नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता बिल. सोनं ४७,४६०. मजुरी १० टक्के म्हणजे ४,७४६. दोन्ही मिळून ५२,२०६ झाले त्यावर ३ टक्के जीएसटी १,५६६. हॉलमार्कचे एका नगाला ४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ५३. एकूण ५३,८२५. हीच अंगठी शोरूमच्या मजुरीने घेतली असती तर साधारण ३,९०० रुपये जास्त गेले असते, आणि सोनं तेवढंच!

आमच्या घरी कपाशी आहे त्यामुळे हिशोब आपोआप क्विंटलमध्ये होतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला ८,११० होता, म्हणजे एका अंगठीला साडेसहा क्विंटलच्या वर कापूस गेला, आणि खाजगी व्यापाऱ्याने तर आम्हाला हमीभावही दिला नाही. आबा सांगतात त्यांच्या तरुणपणी क्विंटलभर कापूस विकला की तोळ्याच्या आसपास सोनं यायचं. हे ऐकून आत कुठेतरी तुटतं, म्हणून ते ३,९०० मला फार मोठे वाटतात, वेचणीची मजुरी देणाऱ्याला विचारा.

आईच्या पैंजणाची कडी निसटली होती, काकांनी तिथेच झाळून दिली, ५० रुपये. पन्नास हजाराच्या गिऱ्हाइकाशी जसं बोलले तसंच पन्नास रुपयांच्या कामाला, हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

कमी काय, तर डिझाईन जुन्या वळणाचे आहेत, नवीन पोरापोरींना आवडतीलच असं नाही. गाडी लावायला जागा नाही, लांब लावून चालत यावं लागतं. खड्याची अंगठी बघितली होती पण काकांनीच स्पष्ट सांगितलं की खड्याचं वजन सोन्याच्या भावात धरू देऊ नका, आणि उद्या मोड दिली तर मजुरी परत मिळत नाही, खड्याचे तर जवळपास काहीच मिळत नाहीत. विकणारा माणूस हे स्वतःहून सांगतो म्हणजे बघा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घ्यायचं असेल तर आठ-पंधरा दिवस आधीच जा, ऐन सणाला बोळीत पाय ठेवायला जागा नसते आणि कोणाला हिशोब समजावून सांगायला वेळही नसतो. ऑर्डर देणार असाल तर भाव बुकिंगच्या दिवशीचा लावणार की डिलिव्हरीच्या दिवशीचा, हे पावतीवर लिहूनच घ्या.