स्वतः सीपीएल काढायचं की कॅडेट म्हणून जायचं?

होटगी रोडच्या विमानतळावरून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून सोलापुरातले पालक हा प्रश्न फार विचारू लागलेत: मुलाने स्वतः फ्लाइंग स्कूलमध्ये सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, काढायचं, की विमान कंपनीच्या कॅडेट योजनेत, म्हणजे आधी निवड आणि मग प्रशिक्षण, जायचं? मी कॅडेटचा रस्ता धरला होता, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला असणार, हे धरूनच वाचा.

खर्चात स्वतःचं सीपीएल सोयीचं. बारामती, गोंदियाला शिकता येतं, पैसे येतील तसे तास उडता येतात. कॅडेटचा आकडा कोटीच्या पुढे जाऊ शकतो आणि हप्ते ठरलेले असतात.

माझा निर्णय झाला तो लायसन्सनंतरच्या थांबण्यावरून. आतेभावाचं सीपीएल माझ्या आधी झालं. लायसन्स हातात, पण बोलावणं कुठूनच नाही. जुळे सोलापुरातल्या घरी बसून दरवर्षी मेडिकल, दरवर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं (बाहेर काही दिसत नसताना उपकरणांवर विमान चालवण्याच्या परवानगीचं) रिन्यूअल. त्यासाठी पुन्हा फ्लाइंग स्कूल गाठायचं आणि तासाचे पैसे मोजायचे. कमाई शून्य, खर्च चालू, आणि हे कधी संपणार ते सांगणारं कोणी नाही. आत्याच्या घरातला तो ताण मी फार जवळून पाहिला.

आपल्याकडे 200 तासांच्या उड्डाणावर सीपीएल मिळतं, म्हणून नव्यांची रांग लांब. कॅप्टन व्हायला मात्र वर्षं लागतात, म्हणून पगार चढतो तो त्यांचा. नवा को-पायलट टाइप रेटिंगचा (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा) खर्चही बहुधा स्वतःच सोसतो. उलट अमेरिकेत 2009 च्या बफेलो शहराजवळच्या विमान अपघातानंतर कायदा बदलला आणि 2013 पासून को-पायलटलाही साधारण 1500 तास लागू लागले. (त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास त्याहून जास्त होते.) तिथली मुलं इन्स्ट्रक्टरची नोकरी करत तास जमवतात. पायलट कमी पडले तेव्हा, 2022 मध्ये, काही प्रादेशिक कंपन्यांनी नव्या को-पायलटला तासाला 90 डॉलर देऊ केले.

कॅडेटमध्ये चाळणी आधीच लागते. निवड झाली की नाही, ते मोठी रक्कम भरण्यापूर्वी कळतं. हमी पूर्ण नसते. ऑफर अटींवर असते, भरती लांबली तर कॅडेटलाही थांबावं लागतं. मीही थांबलो, पण कंपनीच्या यादीत नाव होतं, त्यामुळे घरी झोप लागायची.

जमीन गहाण ठेवावी लागणार असेल, तर मात्र सीपीएलच बरं. रस्ता कुठलाही धरा, आधी क्लास 2 आणि क्लास 1 मेडिकल, म्हणजे पायलटसाठीच्या दोन्ही वैद्यकीय तपासण्या, करून घ्या. कॅडेटच्या करारात नोकरीबद्दल नेमकं काय लिहिलंय, ते सहीआधी वकिलाला दाखवा.