शॉटकट आठ महिने वापरल्यावर: ओठ आणि आवाज जुळवताना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रेकॉर्ड केलेली गाणी शॉटकट या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये कापून घरच्या ग्रुपवर टाकली आणि दुसऱ्याच दिवशी मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची मोठी बहीण. अमळनेर तालुक्यात राहतात, वय ७८. गौराईची, झोक्यावरची, जात्यावरची मिळून साठेक अहिराणी गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. म्हणाल्या, "पोरी, मी गास एक आन् तोंड हालस दुसरंच!"

फार लागलं ते. त्यांच्यामागे त्या घरात ही गाणी म्हणणारं कुणी नाही, म्हणून तर मी रेकॉर्डिंगला बसले होते.

शॉटकटवर आले ती पैशांमुळे. त्याआधी एका मोबाइल ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं. त्यात आवाज सरकायचा, आणि तक्रार केली की दर वेळी "ॲप अपडेट करा" एवढंच उत्तर यायचं. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच. शॉटकट फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि माझ्या आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. ट्रिम, फिल्टर, एक्सपोर्ट यांवर लिहीत बसत नाही, ते सगळं ठीक आहे. मला बोलायचंय ते आवाजाबद्दल.

पहिले दोन महिने मी शॉटकटलाच दोष देत होते, आणि तेव्हा हे लिहिलं असतं तर दोनच तारे दिले असते. चाळीस मिनिटांची फाइल टाइमलाइनवर टाकली की पहिली दोन गाणी बरोबर यायची, पाचव्या-सहाव्याला आवाज ओठांच्या पुढे पळायचा. मी प्रत्येक तुकडा हाताने सरकवत बसायचे. खूण म्हणून "माय" हा शब्द धरला होता. म, प, ब म्हणताना ओठ मिटतातच, त्यामुळे ओठ मिटलेली फ्रेम (व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) आणि आवाज एकाच जागी यायला हवेत. मावशींच्या गाण्यांत "माय" दर दोन ओळींना येतो, ही सोय झाली. पण एका गाण्याच्या सुरुवातीचा "माय" जुळवला की शेवटचा सुटायचा.

मग एक गोष्ट लक्षात आली. दुपारी ओसरीवर घेतलेली गाणी बिघडत नव्हती. बिघडत होती ती पहाटेची, जात्याजवळची. त्या खोलीत एकच पिवळा बल्ब आहे. उजेड कमी पडला की बरेच फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतात आणि सेकंदाच्या फ्रेम्स कमी करतात. माझा फोन तेच करत होता. मीडियाइन्फो या फुकटच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली, तर फ्रेम रेट मोडपुढे "व्हेरिएबल", म्हणजे बदलता, लिहिलेलं, सेकंदाला कमाल ३० आणि किमान २० च्या आसपास. आवाज मात्र ४८ किलोहर्ट्झने एकसारखा चाललेला. फ्रेम्सचं अंतर असं कमीजास्त होत असलं की एडिटरच्या समान अंतराच्या हिशोबात चित्र आणि आवाज यांची फारकत होते.

आणि शॉटकट हे मला पहिल्या दिवसापासून सांगत होतं! अशी फाइल उघडली की ते विचारतं, हिचा फ्रेम रेट बदलता आहे, एडिटिंगला सोप्या फाइलमध्ये रूपांतर करू का? वेळ लागतो, डिस्क भरते म्हणून मी दर वेळी "कॅन्सल" दाबत होते. आता आधी रूपांतर करते आणि मगच कापते. गुड, बेटर, बेस्ट यांतला "गुड" मला पुरतो. तरी फाइल तिप्पट-चौपट होतेच. दुपारी लाइट जाते म्हणून हे काम रात्री लावून झोपते.

मधल्या काळात आणखी एक चूक केली. ब्लूटूथ इअरफोन लावून चार गाणी जुळवली. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत उशिरा पोचतो, म्हणून मी तो टाइमलाइनवर आणखी आधी ओढत गेले. स्पीकरवर ऐकलं तर चारही गाण्यांत आवाज ओठांच्या आधी! आवाज पुढे असणं जास्त खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत आकडे आहेत: आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाला कळतं, मागे पडलेला मात्र सुमारे १२५ पर्यंत कळत नाही. मला हे पटतं. शेताच्या त्या टोकाला कुणी कुऱ्हाड मारली की घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. सेकंदाला साधारण ३४० मीटर हा आवाजाचा वेग. कानाला उशिराची सवय आहे, आधी आलेला आवाज कधी ऐकलेलाच नसतो. ती चारही गाणी वायरच्या दीडशे रुपयांच्या इअरफोनवर परत केली.

घाईच्या वेळी मी लॉसलेसकट हा दुसरा प्रोग्रामही वापरते. तो फाइल नव्याने न बनवता (एन्कोडिंग न करता) कापतो, त्यामुळे चार मिनिटांचं गाणं काही सेकंदांत सुटं होतं. पण अशा कापण्यात चित्र फक्त की-फ्रेमपासूनच, म्हणजे पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमपासूनच, सुरू होऊ शकतं. माझ्या फोनच्या फाइलमध्ये की-फ्रेम साधारण सेकंदाला एक येते. मधेच कापलं तर कुठे आधीचा तुकडा चिकटून येतो, कुठे सुरुवातीला चित्र गोठतं आणि आवाज चालू राहतो. ग्रुपवर कच्चं पाठवायला ठीक, जपून ठेवायला नाही.

आता आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेते. त्याचं घड्याळ आणि फोनचं घड्याळ तंतोतंत एक नसतं, चाळीस मिनिटांत दोन फ्रेमचा फरक पडलेला मी स्वतः मोजला. म्हणून प्रत्येक गाण्याआधी कॅमेऱ्यासमोर स्टीलच्या ताटलीवर उलथणं एकदा वाजवते. वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, सुईसारखी उभी रेघ येते, ती आणि उलथणं टेकलेली फ्रेम एकाखाली एक आणली की झालं. शॉटकटमध्ये एक आवाज दुसऱ्या, संदर्भ म्हणून धरलेल्या ट्रॅकशी आपोआप जुळवायची सोय आहे आणि ती चालतेही, पण जात्याची घरघर मोठी असली की मी ताटलीवरच भरवसा ठेवते.

गेल्या रविवारी जात्यावरचं एक गाणं घेऊन मावशींकडे गेले. लॅपटॉप त्यांच्या खाटेवर ठेवला. त्यांचा हात खुंट्यावर, बांगड्या फेऱ्याफेऱ्याला वाजतायत, आणि प्रत्येक "माय"ला ओठ मिटतायत. मावशी शेवटपर्यंत बघत राहिल्या. तोंडाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "एक कडवं राही गये."

मग तिथेच बसून म्हणून दाखवलं. फोन चार्जिंगला होता, रेकॉर्डर घरी. पुढच्या रविवारी ताटली घेऊन परत जाणार आहे.