बायड्युरिऑन बीसाईज पेन: चार तारे
2024मध्ये बंद झालेल्या इंजेक्शनच्या पेनाचा रिव्ह्यू आता कोण वाचणार, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. पण न्यू जर्सीत स्टॅबिलिटी लॅबमध्ये, म्हणजे औषध किती टिकतं ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, नोकरी केलेल्या बाईला हे पेन विसरवत नाही. मधुमेहासाठी हे दर आठवड्याला ते घ्यायचे. टोचायचे मी, आणि कौतुकही मीच करायचे.

औषध एक्सेनाटाइड, 39 अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचाच छोटा भाऊ. अ‍ॅरिझोनाकडच्या हिला नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतून त्याचा माग लागला. नुसतं टोचलं तर काही तासांत संपतं, म्हणून आधी ते दिवसातून दोनदा घ्यावं लागे. पीएलजीए नावाच्या, शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरच्या बारीक कणांत कोंडलं की आठवड्याला एक डोस पुरतो. गोम अशी, की पाणी लागताच पीएलजीए मोडून लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होऊ लागतं. कणांच्या आत आंबटपणा साठतो आणि पेप्टाइडलाच अपाय होऊ शकतो. शरीरात पीएलजीए विरघळायलाच हवं, पण पेनात नको!

2012च्या बायड्युरिऑनमध्ये म्हणून पूड वेगळी, द्रव वेगळा. ऐनवेळी मिसळा आणि लगेच टोचा. 2017च्या बीसाईजमध्ये कण आधीच तेलात बुडवलेले. लोणच्यावर तेल ठेवतात तोच हिशोब, ओल लागू द्यायची नाही. मला तर ही युक्ती पेनातल्या लपलेल्या सुईपेक्षाही आवडली. न्यूट्रोपिन डेपो या औषधातही असेच पीएलजीएचे कण होते, आणि आत कोंडलेलं 191 अमिनो आम्लांचं वाढीचं संप्रेरक शाबूत राहावं म्हणून जस्ताचा आधार घेतला होता, तेही 1999चं औषध काही वर्षांत बंदच झालं. मोठं प्रथिन कोंडून शाबूत ठेवणं सोपं नाही.

तेलाची किंमत मात्र हलवण्यात मोजायची. पेन फ्रिजमध्ये आडवं ठेवा, बाहेर काढून 15 मिनिटं थांबा, मग किमान 15 सेकंद जोरात हलवा. पेनाच्या खिडकीतून औषध एकसारखं पांढुरकं दिसलं तरच टोचा. हे टीव्ही बघत हलवायचे, मग मी पेन काढून घ्यायचे. सुई दिसत नाही, हे बरं. त्वचेखाली छोटी गाठ येऊ शकते, ते पत्रकातच आहे.

एक तारा कापला तो वेगळ्या कारणाने. मळमळ सुरू झाली म्हणून आत गेलेलं औषध परत काढता येत नाही. बंद केल्यावरही ते रक्तातून पूर्ण जायला साधारण 10 आठवडे लागतात.