सीईटीचं अ‍ॅप अकरा महिने वापरल्यावर

जून 2024 मध्ये आम्ही लेकीसाठी एमएचटी-सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीचं एक अ‍ॅप घेतलं. वर्षाचे 11,800 रुपये, दोन हप्त्यांत. त्यात रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, प्रश्नसंच, 40 पूर्ण पेपरांची टेस्ट सिरीज आणि शंका विचारायची सोय असं सगळं एकत्र होतं. एप्रिल 2025 मध्ये परीक्षा झाली तोवर ती ते वापरत होती आणि बऱ्याचदा मी शेजारी बसलेली असायचे. कंपनीचं नाव लिहीत नाही. पैसे कशावर घालावेत आणि कशावर घालू नयेत, एवढंच सांगायचंय.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, आडिवऱ्याच्या पुढे समुद्राच्या अंगाला. लेकीला घरात सगळे बाय म्हणतात. दहावीपर्यंत ती पूर्ण मराठी माध्यमात शिकली. अकरावीला सायन्स घेतलं आणि एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजी झालं. बरे क्लास रत्नागिरीत. कॉलेज करून रोज तिथे एसटीने जायचं म्हटलं तर अभ्यासाला वेळ उरत नाही आणि तिथे खोली घेऊन ठेवायची आमची ऐपत नव्हती. म्हणून अ‍ॅप.

आधी व्हिडिओंबद्दल, कारण पैसे मुख्यतः त्यांचेच घेतात. शिकवणारे चांगले होते, यात वाद नाही. पण एकेक व्हिडिओ दीड तासाचा, आणि त्यात जेईईचं (देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचं) आणि सीईटीचं एकत्र कालवलेलं. पहिले दोन महिने बाय रोज तीन-तीन तास बघायची. वहीत सुंदर नोट्स, रंगीत पेनं. ऑगस्टमध्ये त्याच धड्यावरचे वीस प्रश्न सोडवायला दिले तर सहा बरोबर आले. ती रडली आणि मलाही फार वाईट वाटलं, कारण 'बघतेय म्हणजे अभ्यास होतोय' असं मीच समजून बसले होते. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते. बारावीचा भाग 80 टक्के, अकरावीच्या ठरावीक धड्यांचा 20 टक्के. बालभारतीची पुस्तकं घरात होतीच, आणि त्यांची पीडीएफ फुकट मिळते. त्यानंतर आम्ही व्हिडिओ फक्त अडलं तर उघडायचे असं ठरवलं. वर्षभरात मग पंधरा-वीसच उघडले असतील.

टेस्ट सिरीजसाठी मात्र मी पुन्हा पैसे देईन. ज्यांची मुलं अजून अकरावीत आहेत त्यांनी पेपरचं गणित नीट समजून घ्या. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुपला आधी फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न, 90 मिनिटांत. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. मग गणिताचे 50 प्रश्न, तेही 90 मिनिटांत, प्रत्येकी दोन गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिली 90 मिनिटं संपली की फिजिक्स-केमिस्ट्रीचा भाग बंद होतो, वाचलेला वेळ गणितात वापरता येत नाही. हे सगळं मी आधी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ काय ते पोरीला घड्याळ लावून बसवल्यावर कळलं. पहिल्या पूर्ण पेपरात तिचे गणिताचे 50 पैकी 22 प्रश्न बघूनसुद्धा झाले नाहीत.

का, ते एका प्रश्नावरून सांगते. निश्चित संकलनाचा प्रश्न होता: शून्य ते पाय बाय टू, वर साइन एक्स, खाली साइन एक्स अधिक कॉस एक्स. बायने तो कॉलेजमध्ये शिकवल्याप्रमाणे व्यवस्थित मांडला. 'आय' धरला, गुणधर्म लिहिला, दुसरं समीकरण लिहिलं, बेरीज केली, शेवटी उत्तर पाय बाय फोर. बरोबर! पण पाच मिनिटं गेली. स्पष्टीकरणात दोनच ओळी होत्या: साइनच्या जागी कॉस टाकला तरी खालचा भाग तोच राहतो, दोन्हींची बेरीज एक होते, म्हणून उत्तर मर्यादेच्या निम्मं. पाय बाय टूचं निम्मं, पाय बाय फोर. दहा सेकंद. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, मला हे येत होतं गं, पण मी ते लिहीत बसले."

या वाक्यात मला आमच्या कोकणातल्या मुलांची अडचण दिसते. 2025 चा बारावीचा निकाल बघा, कोकण विभाग 96.74 टक्क्यांनी राज्यात पहिला, आदल्या वर्षीही पहिलाच. मुलं मेहनती आहेत, शिक्षक मन लावून शिकवतात, पायऱ्या मांडून स्वच्छ अक्षरात उत्तर लिहायची सवय पक्की आहे. आणि नेमकी तीच सवय सीईटीला वेळ खाते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात, खुल्या गटाला पीसीएममध्ये 45 टक्के, राखीवला 40. पुढे मेरिट ठरतं ते सीईटीच्या पर्सेंटाइलवर. हे आमच्या वाडीत अर्ध्या पालकांना माहीत नसतं. मलाही दहावीनंतर कोणी सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरपासून आम्ही रविवारी एक पूर्ण पेपर असा नेम धरला. गणपतीचे सात दिवस सोडले. अडचण होती ती मोबाईलची. परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि पोरीने तोवर माऊस धरला होता तो शाळेच्या लॅबमध्ये. मी पतसंस्थेत काम करते. आमच्या मॅनेजर साहेबांना विचारलं आणि त्यांनी रविवारी ऑफिसची चावी माझ्याकडे द्यायला एका शब्दाने नाही म्हटलं नाही. सकाळी 9 ते 12, परीक्षेच्या सकाळच्या शिफ्टचीच वेळ. ती काउंटरच्या आत कॉम्प्युटरवर, मी बाहेर बाकावर. मध्ये उठायचं नाही, पाणी स्वतःजवळ, कच्च्या कामाला कोरे कागद. माझ्या मते या तीन तासांनी तिला जेवढं दिलं तेवढं अ‍ॅपमधल्या दुसऱ्या कशानेच दिलं नाही.

दुपारी जेवून चुकांची वही. एका पानावर तीन रकाने: येतच नव्हतं, येत होतं पण वेळ गेला, वाचण्यात चूक. पहिल्या महिन्यात मधला रकाना सगळ्यात लांब होता. जानेवारीत तो निम्म्यावर आला. अ‍ॅपसुद्धा रंगीत आलेख काढून 'विश्लेषण' दाखवतं, पण ते फक्त कुठल्या धड्यात किती चुकलं ते सांगतं. का चुकलं ते मुलीनेच स्वतःच्या हाताने लिहायला हवं.

आता तक्रारी. जुलैमध्ये, मुसळधार पावसात, टेस्ट चालू असताना लाईट गेली आणि पाठोपाठ टॉवरही गेला. 38 प्रश्न झाले होते. नेट परत आलं तर पेपर जमा झालेला, गुण 17, आणि तो पेपर पुन्हा देता येईना. मेल केला, चार दिवसांनी तयार छापाचं उत्तर आलं. फोनवरच्या मुलाने 'चांगल्या नेटवर्कच्या ठिकाणी बसा' असा सल्ला दिला. आमच्याकडे चांगलं नेटवर्क सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर मिळतं, पावसात पोरीला सड्यावर बसवू का? पेपर आधी उतरवून घेऊन नेटशिवाय सोडवायची सोय त्यात नव्हती. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी ही एक गोष्ट विचारून घ्याच.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. विकताना 'मराठीतही उपलब्ध' असं सांगितलं होतं. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतही घेता येतो, गणिताचा मात्र इंग्रजीतच असतो. म्हणून मला वाटलं, निदान समजून घ्यायला मराठीचा आधार होईल. उघडून बघितलं तर मशीनने केलेलं भाषांतर. द्रावणाला 'उपाय', रसायनातल्या मोलला 'तीळ', भिंगाच्या शक्तीला 'सत्ता'. 'दोन तीळ वायू' वाचून कुठल्या मुलाला काय कळणार? मराठी माध्यमातल्या मुलांच्या पालकांकडून पैसे घेऊन हे देणं म्हणजे फसवणूक आहे, आणि त्यांना मी तसंच लिहून कळवलं. पैसे परत मिळाले नाहीत.

त्यावर आम्हीच उपाय केला. तिची नववी-दहावीची मराठी विज्ञानाची पुस्तकं माळ्यावरून काढली आणि वहीत समोरासमोर शब्द लिहिले. मोमेंटम म्हणजे संवेग, अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण, सोल्यूशन म्हणजे द्रावण. दिवाळीपर्यंत अडीचशे शब्द झाले. त्यानंतर इंग्रजी प्रश्न वाचायला तिला लागणारा वेळ खरंच कमी झाला, हे मी घड्याळ लावून बघितलंय.

शंका विचारायची सोय ठीक. उत्तर यायचं, पण दुसऱ्या दिवशी. तिच्या कॉलेजचे फिजिक्सचे सर त्याआधी सांगायचे.

फुकटात काय मिळतं तेही बघा. एनटीए या केंद्राच्या परीक्षा संस्थेचं 'नॅशनल टेस्ट अभ्यास' आणि आयआयटी कानपूरचं 'साथी' हे दोन्ही विनामूल्य आहेत, पण त्यांचा रोख जेईई-नीटकडे. ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रिमिलेअर मुलांना महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडून टॅब आणि रोजचा डेटा देऊन जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण मिळतं. शेजारच्या वाडीतल्या मुलाला तो टॅब मिळाला होता. अर्ज दहावीनंतर लगेच करायचा असतो, म्हणून निकालाच्या आसपास जाहिरातीवर लक्ष ठेवा.

बोर्ड संपल्यावर सीईटीपर्यंत महिना मिळाला. त्यात शिमगा आला, पालखी घरी आली, आणि एप्रिलमध्ये आंब्याची काढणी. तिचे बाबा आणि माझे दीर झेला (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन पहाटेच कलमांत जायचे. पेट्या भरायला माणूस कमी पडत होतं, तरी तिला कोणी हाक मारली नाही. त्या महिन्यात तिने अकरा पेपर दिले. आदल्या रात्री रत्नागिरीला मामाकडे राहिलो. बाहेर आल्यावर म्हणाली, "सगळे प्रश्न बघून झाले."

जूनमध्ये निकाल लागला, 91.6 पर्सेंटाइल. वाडीत सगळे 'टक्के किती' विचारत होते. हे टक्के नव्हेत, शंभरातल्या साधारण 91 मुलांइतके किंवा त्यांच्याहून जास्त गुण, असं मी प्रत्येकाला समजावत होते. तिला कोल्हापूरला कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला.

धाकटा आता दहावीत आहे. त्याच्यासाठी व्हिडिओंचा पॅक घेणार नाही, फक्त टेस्ट सिरीज घेणार, तीही नेटशिवाय पेपर सोडवता येत असेल तरच. रविवारच्या चावीबद्दल साहेबांशी बोलून ठेवलंय. बायची शब्दांची वही त्याने आत्ताच आपल्या दप्तरात टाकली आहे.