घरचा चहासंग्रह: मोजके मोठे डबे, पुष्कळ छोट्या पुड्या, की एकाच चहात खोल?

चहाचा साठा करायला बसलं की आधी कपाटातली जागा मोजली जाते. मोजायची असते ती पिण्याची गती. २०० मिली कपाला साधारण अडीच ग्रॅम पत्ती लागते, म्हणजे १०० ग्रॅमच्या पुडीत ४० कप. रोज दोन कप पिणारा माणूस महिन्याला १५० ग्रॅम संपवतो. त्याने हौसेने १०० ग्रॅमच्या दहा पुड्या आणल्या तर ती साडेसहा महिन्यांची बेगमी झाली, आणि उघडलेला हिरवा चहा दोन-तीन महिन्यांत उतरायला लागतो. म्हणून संग्रह किती मोठा असावा हे कपाटापेक्षा शिळेपणाच्या वेगावर ठरतं.

ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली, तीन-चार चहा आणि प्रत्येकी १०० ते २५० ग्रॅम. दुसरी, बारा-पंधरा चहा पण प्रत्येकी २५-३० ग्रॅमच. तिसरी, एकच घराणं धरायचं, बहुधा पु-अर (आंबवून मुरवलेला, बहुतेकदा दाबून चकती केलेला चिनी चहा) किंवा ऊलाँग (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला), आणि त्यातलेच वेगवेगळे मळे, वर्षं, भाजणी जमवायची. निवड करण्याआधी कोणता चहा किती टिकतो ते पाहून घ्या. खालचे आकडे घट्ट झाकणाच्या, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवलेल्या पत्तीचे आहेत.

| चहा | पाणी (अंश सें.) | मुरण्याचा वेळ | उघडल्यावर चव टिकते |
|---|---|---|---|
| हिरवा (सेंचा, लोंगजिंग) | ७०–८० | १–२ मिनिटं | २–३ महिने |
| दार्जिलिंग, पहिली तोडणी | ८५–९० | २–३ मिनिटं | ४–६ महिने |
| हलका, गोळीदार ऊलाँग | ९०–९५ | २–३ मिनिटं | ४–६ महिने |
| भाजलेला ऊलाँग | ९५ | ३ मिनिटं | वर्षभर, थोडा जास्तही |
| आसाम व इतर काळा चहा | ९५–१०० | ३–५ मिनिटं | सुमारे वर्ष |
| व्हाइट टी | ८०–९० | ४–५ मिनिटं | वर्षभर. काही वर्षानुवर्षं मुरतात |
| पु-अर | ९५–१०० | ३ मिनिटं | अनेक वर्षं |

मोजके मोठे डबे

रोज एकाच चवीचा चहा लागतो, किंवा घरात पिणारे तीन-चार जण आहेत, तर हीच वाट. दूध घालून पिणाऱ्यांसाठी तर वादच नाही. दाणेदार सीटीसी (क्रश, टिअर, कर्ल) चहा त्यासाठीच बरा. १९३० च्या दशकात आसामात आलेल्या या पद्धतीत पानं दातेरी रोळांमधून चिरडून, फाडून, वळवून दाणा बनतो. पानाच्या पेशी पुरत्या फुटतात, त्यामुळे रंग आणि कडकपणा पटकन उतरतो आणि दुधाखाली दबत नाही. अखंड पानाचा दार्जिलिंग दुधात घालणं म्हणजे पैसे आणि पत्ती दोन्ही वाया.

घोळ होतो तो डब्याच्या आकाराने. २५० ग्रॅमचा डबा रोज उघडला की प्रत्येक वेळी हवा बदलते, वरची पोकळी वाढत जाते, आणि तळाशी पोचेपर्यंत शेवटची ५० ग्रॅम पत्ती फिकी लागते. यावर इलाज सोपा आहे: मोठी पुडी आल्या आल्या विभागा. पंधरा दिवस पुरेल एवढी पत्ती रोजच्या छोट्या डब्यात, उरलेली हवा काढून मूळ पाकिटात बंद. मूळ पाकिटाला आतून चंदेरी थर असेल तर त्याच्याइतकं चांगलं साठवण घरात दुसरं सहसा नसतं.

पुष्कळ छोट्या पुड्या

अजून आवड ठरलेली नाही, त्यांनी इथून सुरुवात करावी. २५ ग्रॅममध्ये दहा कप होतात. पहिले दोन-तीन कप तापमान आणि वेळ जुळवण्यात जातात, उरलेल्यांत चहा आवडतो की नाही ते कळतं. फक्त एक शिस्त हवी: हिरव्या चहाची एका वेळी एकच पुडी उघडी. बाकीच्या बंद राहू द्या. सेंचा उघडला, लोंगजिंगही उघडला, मग दोन्ही निम्म्यावर असताना तिसरा आला, की तिघांचीही चव जाते. उघडल्याची तारीख डब्यावर पेनने लिहा; आठवणीवर भरवसा नको.

या वाटेचं दुसरं दुखणं म्हणजे वास. वाळलेली पत्ती आसपासचा कुठलाही वास ओढून घेते. जॅस्मिन चहा त्याच गुणावर बनतो, पत्ती ताज्या फुलांसोबत ठेवून. पण तोच जॅस्मिन, किंवा पाइनच्या धुरावर वाळवलेला लापसांग सुचाँग, साध्या पाकिटात इतरांशेजारी ठेवला तर महिन्याभरात व्हाइट टीलाही धुराचा वास मारतो. सुगंधी आणि धुरकट चहांना वेगळा कप्पा द्या, शक्यतो दुहेरी झाकणाचा डबा. मसाल्याचं कपाट चहासाठी कधीच नको, आणि शेगडीच्या वरचंही नको. तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही आहेत.

काचेच्या बरण्या मांडायला सुंदर दिसतात, म्हणूनच सगळे घेतात. उजेडात हिरवी पत्ती काही आठवड्यांत पिवळट पडते आणि वाळल्या गवतासारखी लागते. बरण्याच हव्या असतील तर बंद दाराच्या कपाटात ठेवा, मग मांडण्याची हौस फिटत नाही हा भाग वेगळा.

छोट्या पुड्यांना वजनकाटा मात्र लागतोच, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. चमच्याने अंदाज फसतो: एक सपाट चमचा सीटीसी दोन-अडीच ग्रॅम भरतो, तर बाय मुदानसारख्या फुगीर पानांच्या व्हाइट टीचा चमचा एक ग्रॅमही होत नाही. मग व्हाइट टी पाणचट लागतो आणि दोष चहाला दिला जातो. ०.१ ग्रॅमच्या काट्यापुढे चहाचं महागडं भांडं आमच्या मते दुय्यम आहे.

हिरवा चहा कडवट झाला तर आधी पाणी तपासा, मग पत्ती. उकळतं पाणी थेट ओतलं की तुरट घटक झपाट्याने उतरतात. पाणी उकळून एका थंड भांड्यात ओतलं की अंदाजे दहा अंश उतरतं. पुन्हा दुसऱ्या भांड्यात ओतलं की आणखी थोडं. थर्मामीटर नसला तरी दोनदा ओतल्यावर सेंचासाठी पाणी बरंच जवळ येतं. कपावर तेलकट तवंग दिसतो तो बहुतेकदा जड पाण्यामुळे; गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी वापरलं की जातो.

एकाच चहात खोल

ही वाट संयमाची आहे. दाबलेल्या पु-अरची प्रमाण चकती ३५७ ग्रॅमची. झाकणाच्या छोट्या वाटीत १०० मिलीला पाच ग्रॅम धरून, पहिलं पाणी पाच सेकंदांत ओतून टाकून, मग दहा-पंधरा सेकंदांचे सात-आठ घाणे काढले, तर एका चकतीत ७१ बैठका होतात. आठवड्यातून दोनदा बसलात तर एक चकती आठ महिने पुरते. तीन चकत्या म्हणजे दोन वर्षांचा साठा, आणि तरी लोक दहा घेतात.

शंग आणि शू या पु-अरच्या दोन प्रकारांतला फरक खरेदीआधी समजून घ्या. शंग कच्चा, वर्षानुवर्षं हळूहळू बदलणारा, कोवळा असताना चांगलाच कडू-तुरट. शू १९७३ च्या सुमारास चीनमधल्या खुनमिंगमध्ये बसवलेल्या ढीग घालून आंबवण्याच्या पद्धतीने होतो. तो लगेच पिता येतो, गडद आणि मऊ. लगेच प्यायचा असेल तर शू. साठवायचा छंदच असेल तर शंग, पण त्याला हवा लागते, म्हणून हवाबंद डबा इथे चालत नाही. कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रतेत, वासाच्या वस्तूंपासून लांब. फार कोरड्या जागी चकती वर्षानुवर्षं जागच्या जागी राहते. फार दमट जागी बुरशी धरते. पिवळी, हिरवी किंवा काळी केसाळ बुरशी दिसली तर ती चकती टाकून द्यावी, खरवडून पिऊ नये.

ऊलाँगमध्ये खोल जायचं असेल तर साठवण उलट: हलका, गोळीदार ऊलाँग निर्वात पाकिटातच घ्या आणि छोट्या पाकिटांतच. भाजलेल्याला एवढे लाड लागत नाहीत.

मग कोणी काय घ्यावं

एकटं, दोन कपवालं घर असेल तर पाच ते सात चहा पुरेत: एक हिरवा २५ ग्रॅम, दोन ऊलाँग ५०-५० ग्रॅम, दोन काळे ५०-१०० ग्रॅम, वर एखादा व्हाइट किंवा शू. चौघांच्या दूधवाल्या घराला सीटीसीचं मोठं पाकीट आणि बाजूला दोन छोटे प्रयोग. तिसऱ्या वाटेला दुसरीवर वर्षभर राहून मगच वळावं, कारण आवड नक्की होण्याआधी घेतलेली चकती कपाटातच राहते. चहाच्या पिशव्या कुठल्याच वाटेचा कणा नकोत. बहुतेकांत बारीक भुगा असतो; तो मिनिटभरात रंग देतो, पण उघडा पृष्ठभाग जास्त असल्याने लवकर शिळाही होतो.

हिरवा घेताना पाकिटावर तोडणीचा हंगाम बघा. लोंगजिंगची नावाजलेली पत्ती एप्रिलच्या सुरुवातीला, छिंगमिंग या चिनी सणाच्या आधी तोडतात. तीच फेब्रुवारीत विकत घेतली तर जवळजवळ वर्षाची जुनी पत्ती हाती येते. जास्तीचं न उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये चालतं, मात्र काढल्यावर चार-पाच तास, शक्य तर रात्रभर, बंदच बाहेर ठेवा. गार पाकीट लगेच फाडलं की हवेतलं बाष्प पत्तीवर जमतं आणि ती दोन दिवसांत सादळते. उघडलेलं पाकीट पुन्हा फ्रिजमध्ये नको.

तरीही हिरवा चहा उतरलाच तर फेकू नका. कोरड्या, वास नसलेल्या तव्यावर अगदी मंद आचेवर तीन ते पाच मिनिटं सतत हलवत भाजा. पत्ती तपकिरी होऊन खमंग वास सुटला की लगेच ताटात पसरा, तव्याच्या धगीवर ठेवली तर जळते. हा चहा जपानी होजिचाच्या, म्हणजे भाजलेल्या हिरव्या चहाच्या, वळणाचा होतो आणि त्याला ९५ अंशांचं पाणी चालतं. महिन्याभरात संपवा.