खान्देशात चार दिवस: कॅराव्हॅन घ्यावी की हॉटेलात उतरावं?

पुण्या-मुंबईत स्थिरावलेली खान्देशी कुटुंबं गावाकडच्या सुटीचा बेत आखायला बसली की हल्ली कोणीतरी विचारतंच, या वेळी कॅराव्हॅन घेऊन जायचं का? राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून पलंग, छोटा ओटा, फ्रिज आणि स्वच्छतागृह असलेल्या या गाड्या भाड्याने मिळतात हे बऱ्याच जणांना कळलंय. पण त्यांच्या जाहिरातींतले फोटो असतात कोकणातले, नाहीतर गोव्याचे. खान्देशाचं हवामान वेगळं, जमीन वेगळी, रस्ते वेगळे. म्हणून निर्णयही इथल्या हिशोबानेच करायला हवा.

माझं उत्तर आधीच सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सारंगखेड्याची घोडेबाजाराची जत्रा किंवा सातपुड्याच्या पायथ्याची गावं बघायची असतील आणि सोबत वयस्कर माणसं असतील, तर कॅराव्हॅन घ्यावी. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हॉटेल. अजिंठा बघायचा असेल तर बाराही महिने हॉटेल.

ऊन आणि काळी माती

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकीबाळी आणि नातवंडांना सुटीही याच दिवसांत असते, त्यामुळे उन्हाळ्यातच कॅराव्हॅन काढण्याचा मोह होतो. तो टाळा. कारण साधं आहे, विजेचं आहे. गाडी उभी असताना आतले दिवे, पंखे, पाण्याचा पंप हे सगळं वेगळ्या बॅटरीवर चालतं. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात साधारण २.४ युनिट वीज असते. एक टनाचा एसी तासाला सुमारे एक युनिट खातो. म्हणजे दोन-सव्वादोन तासांत बॅटरी संपते, आणि मेमध्ये जळगावला रात्री अकरा वाजताही भिंती गरम असतात. पत्र्याच्या गाडीचं काय होत असेल? रात्रभर इंजिन सुरू ठेवणं हा त्यावर उपाय नाही. डिझेल जळतं, आवाजाने झोप होत नाही आणि धूर आत शिरला तर जिवाशी खेळ होतो.

बाहेरून वीज घेता येते, पण त्यासाठी जिथे मुक्काम असेल तिथे १६ अँपिअरचं, म्हणजे घरी गिझरला असतं तसं, जाड पिनांचं सॉकेट लागतं. मोबाइल चार्जिंगच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर एसी लावला की वायर तापते. शेतातल्या पंपाच्या विजेच्या भरवशावर तर राहूच नका. ती ठरावीक तास येते, आज दिवसा तर उद्या रात्री.

पावसाळ्यात अडचण आकाशातून कमी आणि जमिनीतून जास्त येते. तापीकाठची काळी कापसाची माती कोरडी असते तेव्हा दगडासारखी टणक, आणि एक मोठी सर पडली की चाक आत ओढून घेते. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅराव्हॅन तीन-चार टनांच्या घरात जाते. ती मामाच्या शेतात उभी केली आणि रात्री पाऊस झाला, तर सकाळी ट्रॅक्टर शोधावा लागतो. पाटणादेवीजवळचा धवलतीर्थ धबधबा, मनुदेवीचा धबधबा, ढगांत बुडालेलं तोरणमाळ हे सगळं पावसाळ्यातच बघावं, पण मुक्काम चाळीसगाव, यावल-चोपडा किंवा शहाद्याकडे पक्क्या छपराखाली ठेवून. ओले कपडे वाळवायला गाडीत जागा नसते, ही गोष्ट फोटोंत दिसत नाही.

पैशांचा हिशोब

कॅराव्हॅन स्वस्त पडते असा समज आहे, कारण हॉटेलचं भाडं आणि जेवणाचा खर्च वाचतो असं वाटतं. सहा जणांचं कुटुंब, चार दिवस, तीन रात्री, पुण्याहून निघणार असं धरून बघू. पुणे ते धुळे सुमारे ३४० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६८०, आणि खान्देशात फिरण्याचे चारशेएक धरले तर एकूण १,१०० किलोमीटर होतात.

हॉटेलच्या दोन खोल्या, प्रत्येकी रात्रीला ३,००० रुपये धरल्या तर १८,००० होतात. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे कर धरून १८,९००. स्वतःची मोटार लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर इंधनाचे साडेसात हजार. टोल आणि जेवण वेगळं.

आता कॅराव्हॅन. भाडं दिवसाला १०,००० रुपये धरू. गाडीचा आकार, हंगाम आणि मालक यांप्रमाणे ते बरंच कमी-जास्त होतं, म्हणून तुम्हाला मिळालेला आकडा इथे टाका. चार दिवसांचे ४०,०००. एवढी जड गाडी लिटरला नऊएक किलोमीटर देते. १,१०० किलोमीटरला १२२ लिटर डिझेल, ९० रुपये दराने ११,०००. झाले ५१,०००. हॉटेल आणि मोटार मिळून साडेसव्वीस हजारांच्या आसपास थांबतात. जेवण गाडीत केलं तरी चार दिवसांत पंचवीस हजारांची तफावत भरून निघत नाही, आणि खान्देशात येऊन शेवभाजी आणि कळण्याची भाकरी सोडून गाडीत मॅगी कोण खाणार?

शिवाय या गाड्या मिळतात मुख्यतः मुंबई-पुण्याकडे. पहिला आणि शेवटचा दिवस महामार्गावरच जातो आणि भाडं मात्र त्या दिवसांचंही लागतं. हॉटेलात उतरणाऱ्यांना हा भुर्दंड नाही. रात्रीच्या रेल्वेने जळगाव किंवा भुसावळला उतरायचं, स्थानिक टॅक्सी करायची. पैसा हाच निकष असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, हॉटेल घ्या.

मग कॅराव्हॅन कशासाठी?

स्वच्छतागृहासाठी. हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितोय. घरातल्या आजींना मधुमेह असतो, दर दीड तासाला जावं लागतं, म्हणून त्या प्रवासात पाणीच पीत नाहीत. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं, आणि ‘तुम्ही जा, मी थांबते घरी’ हे वाक्य पुढच्या सहलीला ऐकू येतं. धुळ्याहून दोंडाईचा, शहाद्याकडे जाताना महिलांना निःसंकोच जाता येईल अशी स्वच्छ जागा सापडणं किती कठीण आहे, हे कुठल्याही बाईला विचारा. लहान मुलांची, पाळीच्या दिवसांतल्या मुलींचीही तीच अडचण. कॅराव्हॅनमध्ये ही जागा सदैव चार पावलांवर असते, आणि पाठ टेकायला पलंगही. मांडी घालून बसता न येणाऱ्या माणसाला दुपारी तासभर आडवं होता येणं याची किंमत वरच्या पंचवीस हजारांत मोजता येत नाही. ज्यांच्यामुळे आपण खान्देशाशी बांधलेले आहोत, तीच माणसं सहलीतून वगळली जातात याचं मला फार वाईट वाटतं.

याचा सर्वांत मोठा उपयोग सारंगखेड्याला. तापीकाठी एकमुखी दत्ताची ही यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते आणि देशभरातून घोडे येतात. घोडेबाजाराची खरी मजा पहाटे असते. धुक्यात घोड्यांचा खरारा चाललेला असतो, चाल दाखवायला घोडे फिरवले जातात, सौदे रंगायला लागतात. शहादा, दोंडाईचा किंवा नंदुरबारला हॉटेलात उतरलेला माणूस चहा-नाश्ता करून पोचतो तोवर ऊन चढलेलं असतं आणि पार्किंग पार लांब मिळतं. गाडीतच मुक्काम असेल तर पहाट हाताशी असते. गर्दीने दमलेली माणसं मध्येच येऊन विसावू शकतात. मुक्ताईनगर-चांगदेवच्या महाशिवरात्रीच्या यात्रेलाही हेच लागू पडतं.

दुसरी गोष्ट नात्यांची. खान्देशात पाहुणा हॉटेलात उतरला तर यजमानाला तो अपमान वाटतो. ‘आमच्या घरात जागा नव्हती का?’ हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. दुसरीकडे सहा-आठ माणसं कोणाच्या दोन खोल्यांत जाऊन पडणंही बरं नाही. अंगणात गाडी उभी केली की जेवण, गप्पा, भरीत पार्टी सगळं त्यांच्या घरी होतं आणि झोपायला आपण आपल्या जागी. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात असताना शेतातच थांबता येणं आणि रात्री गाडी हाकत शहरात परतावं न लागणं हे सुख मोठं आहे. गावात शिरण्याआधी एक माणूस पुढे पाठवून गल्लीची रुंदी आणि घराघरांवर लोंबणाऱ्या विजेच्या वायरी बघून घ्या. कॅराव्हॅनची उंची नेहमीच्या मोटारीच्या दीडपट-पावणेदोनपट असते.

कुठे गाडी अडते

अजिंठ्याला खासगी वाहनं फर्दापूर तिठ्यावर थांबतात आणि तिथून बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं. म्हणजे भाड्याची महागडी गाडी दिवसभर पार्किंगमध्ये उभी राहणार. जळगावहून लेणी साठेक किलोमीटरवर आहेत. जळगावात किंवा फर्दापुरातच उतरा, जळगावचं गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय जोडून घ्या. सोमवारी लेणी बंद असतात.

तोरणमाळच्या घाटात एसटी चढते, तेव्हा कॅराव्हॅनही चढेल. पण वळणं अवघड आहेत आणि चालकाला घाटाची सवय हवी. चढताना-उतरताना सगळ्यांनी सीटवर पट्टा लावून बसायचं, पलंगावर कोणीही नाही. हिवाळ्यात वर कडाक्याची थंडी असते. पठारावर मुक्काम करायचा तर रजया जास्त घ्या.

पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते आणि पाल गावचा परिसर यावल अभयारण्याला लागून आहे. जंगलात मनाला येईल तिथे गाडी लावून रात्र काढता येत नाही, वन विभागाची परवानगी लागते. पालला वन विभागाचं विश्रामगृह आहे, ते आधी मिळवा. सातपुड्यातली रात्र तिथेच जास्त चांगली जाते.

ठरवण्याआधी विचारायच्या गोष्टी

‘सहा आसनी’ म्हणजे सहा जण झोपतील असं नाही. पुष्कळ गाड्यांत बसायला सहा-आठ आणि झोपायला चार अशी रचना असते, म्हणून पलंग मोजून घ्या. स्वच्छ पाण्याची टाकी किती लिटरची हेही विचारा. शंभर लिटर ऐकायला भरपूर वाटतं, पण सहा जणांनी एकेक बादली अंघोळ केली की संपलं. गाडी सोबत येणाऱ्या चालकाने झोपायचं कुठे, हे तर सगळ्यात आधी ठरवा. दिवसभर तुमची माणसं सुखरूप नेणाऱ्याला रात्री स्टेअरिंगवर मान टाकून झोपावं लागू नये. त्याच्यासाठी लॉजची खोली किंवा नातेवाइकांकडची खाट हिशोबात धरा. स्वतः चालवणार असाल तर मोटारीच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचं वाहन चालतं, पण मालक देतो का ते विचारा.

गाडीतल्या शौचालयाची मैला साठवणारी पेटी साधारण वीस लिटरची असते आणि कुटुंब मोठं असेल तर दीड-दोन दिवसांत भरते. ती सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयातच रिकामी करायची. तापीत, पाटात किंवा नाल्यात कदापि नाही, कारण खाली त्याच पाण्यावर गावं जगतात. म्हणूनच हिवाळ्यातल्या चार दिवसांसाठी मी अशी विभागणी सुचवेन: पहिली रात्र सारंगखेड्याला गाडीत, दुसरी शहादा किंवा धुळ्यात हॉटेलवर, तिसरी नातेवाइकांच्या अंगणात पुन्हा गाडीत. मधल्या रात्री सगळ्यांच्या कढत पाण्याने अंघोळी होतात, बॅटरी चार्ज होते, टाकी भरते आणि चालकाला पलंग मिळतो. हॉटेल ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारून ठेवा: एवढी उंच गाडी आवारात येईल का, रात्री जोडायला १६ अँपिअरचं सॉकेट मिळेल का, आणि पेटी रिकामी करू देतील का. मार्गशीर्षात लग्नसराईही सुरू असते, त्यामुळे हा फोन दिवाळीआधीच करा.